सात गोटे आणि वीस मिनिटं

प्रमोदिनीबाईंच्या निवृत्तीला अजून अकरा महिने होते. त्यांचे गुडघे मात्र केव्हाच निवृत्त झाले होते. देवासच्या सरकारी मुलींच्या शाळेत त्या संगीत शिकवत. शिकवत म्हणजे, वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. मतदारयाद्या, सायकलवाटपाच्या याद्या, लसीकरणाच्या याद्या आणि पंधरा ऑगस्टचं स्वागतगीत एवढं आटोपून जो काही वेळ उरे, त्याला संगीत म्हणायचं. घरी परतल्यावर त्या पर्स खुंटीला अडकवत आणि दहा मिनिटं कुणाशी बोलत नसत. त्यांचे यजमान श्रीपादराव ही दहा मिनिटं पाळत. लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर एवढं कळतंच.

त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक होती. तळाला चाळलेली राख, वर कडुनिंबाचा पाला, आणि त्यावर जुन्या पातळांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या शेंगा, पानं, बिया, करवंट्या, एक कडू भोपळा आणि नर्मदेचे सात गोटे. घरात त्या सगळ्याला ‘कचरा’ म्हणत. अर्थात प्रेमानंच म्हणत. पण बावीस वर्षं प्रेमानं म्हटलेला कचराही शेवटी कचराच असतो, हे बाईंना ठाऊक होतं.

या सगळ्याची सुरुवात डही गावात झाली. बाईंचं माहेर धारचं; पहिली नेमणूक त्याच जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला मिळाली. जिल्हा तोच, एवढंच काय ते समाधान. शाळेत पेटी होती, पण तिच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. दुरुस्तीसाठी ती मनावर गावी धाडली, तर बसच्या टपावरच्या प्रवासात तिचे उरलेसुरले सूरही गेले. परत आली ती नुसती लाकडी पेटी. त्या दिवशी बाई वर्गात नुसत्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मुलींनी आपापली वाद्यं आणली. एकीच्या हातात बाहव्याची वाळकी लांबलचक शेंग होती, दुसरीच्या हातात शिरीषाच्या शेंगांचा झुबका. एकीनं तर मूठ पुढे करून बाईंच्या तळहातावर गव्हाच्या लोंबीएवढी, तपकिरी, टोकदार शेंग ठेवली, तिला बोटानं थुंकी लावली आणि म्हणाली, “मैडम, हिलना मत.”

आठ-दहा सेकंद काहीच झालं नाही. बाई विचारणार तोच शेंग तड्कन फुटली. बिया कपाळावर उडाल्या, आणि सगळा वर्ग टाळ्या पिटून ओरडला, “मैडम डरी गई! मैडम डरी गई!”

कुंपणाच्या कडेला जांभळी फुलं येणारं ते रोप. मुली त्या शेंगांना ‘फटाकी’ म्हणत. ओल लागली की शेंग फुटते आणि बी लांब फेकते. कोरडी असेपर्यंत वर्षानुवर्षं मुकी राहते. बाईंना त्या आवाजाचं नवल वाटलं नाही. आवाजाच्या आधीच्या त्या आठ-दहा सेकंदांचं वाटलं. इतका भरलेला गप्पपणा त्यांनी कुठल्याच मैफिलीत ऐकला नव्हता.

मग बदली उदयनगरला झाली, देवास जिल्ह्याच्या जंगलात. तिथे फाल्गुनात सागाचं वाळलं पान पडलं की दूर कुणी पत्रावळ टाकल्यासारखं वाजे. बाई शाळा सुटल्यावर पानं वेचत. पान झाडावरच वाळलेलं हवं. उन्हात घालून वाळवलेलं पान खोटं बोलतं, असं त्यांचं मत होतं. शेंगांना तेल लावायचं नाही, रंग द्यायचा नाही. बीचा आवाज बारीक हवा असेल तर दाभणानं भोक पाडून एकेक बी काढायची आणि दर वेळी कानाशी धरून हलवायची. एक शेंग सुरात यायला कधी कधी महिना लागे. पावसाळ्यात सगळंच मुकं. म्हणून त्यांचं संगीताचं वर्ष होळीला सुरू होई आणि मृगाला संपे.

एका शंभर पानी वहीत त्यांनी रचना मांडल्या होत्या. त्यात सा रे ग म नव्हतं. ‘गोटा तिसरा, दोनदा. थांबणे. पान, नखाने. थांबणे.’ असं होतं. श्रीपादरावांनी ती वही एकदा चाळली होती आणि म्हणाले होते, “छान आहे. यात थांबणंच जास्त दिसतंय.”

“तेच अवघड आहे,” बाई म्हणाल्या होत्या.

ऐकायला मात्र कुणी नव्हतं. एकदा इंदूरच्या एका संमेलनात पाच मिनिटं मिळाली, तेव्हा श्रोत्यांना वाटलं की माईकची तपासणी चालली आहे. तिसऱ्या मिनिटाला एक गृहस्थ उठून म्हणाले, “आ रही है, आवाज़ आ रही है, अब शुरू करो!” शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन नाचांच्या मध्ये घुसवलं, तर पडद्यामागे घुंगरं बांधणाऱ्या मुलींचा आवाज त्याहून मोठा होता. त्यानंतर बाईंनी कुणाला विचारणं सोडून दिलं. वाईट वाटायलाही अंगात थोडी ताकद असावी लागते, आणि तेवढी त्या याद्यांवर खर्चत.

निवृत्तीनंतर दोघांनी इंदूरला लेकीकडे, ऋजुताकडे, राहायला जायचं ठरलं होतं. तिचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. ती फोनवर म्हणाली होती, “आई, भांडी, कपडे, देव, सगळं आण. पण तो तुझा ट्रंकवाला जंगल प्लीज़ नको गं. चिऊला धुळीची ॲलर्जी आहे.” चिऊ म्हणजे नात. बाई ‘बरं’ म्हणाल्या. लेकीचं काही चुकत नव्हतं.

अशात माघाच्या अखेरीस गावातल्या मराठी मंडळाच्या चिटणीस अपेक्षाचा फोन आला. अपेक्षा तिशीची, हिंदी शाळेत शिकलेली, उत्साहानं नुसती उतू जाणारी.

“काकू, पाडव्याच्या प्रोग्रामला ह्या वेळी कुछ हटके करायचंय. दर साल तीच भावगीतं, तेच लोक, आणि तेच झोपणारे. तुमचं ते पानांचं म्यूज़िक आहे ना? वीस मिनिटं देते.”

“किती?”

“वीस. कमी पडतील का?”

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि मग उगाच पुन्हा विचारलं, “वीस ना?”

फोन ठेवल्यावर त्या दहा मिनिटं गप्प बसल्या. शाळेला सुट्टी असूनही. मग श्रीपादरावांना म्हणाल्या, “अहो, एकदा. आपल्या माणसांनी बसून एकदा पुरतं ऐकावं. मग मी ट्रंक रिकामी करते. तुम्हालाच गच्चीवरून ओतायला सांगते.”

“ओतायचं काम माझ्याकडेच का?” श्रीपादराव म्हणाले, पण त्याच संध्याकाळी त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढून दिली.

रचना तयारच होती. आधी सात गोटे, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, चिंचेच्या काठीनं. ते डहीच्या खालच्या अंगाला नर्मदेकाठी वेचलेले होते. तो काठ आता धरणाच्या पाण्याखाली गेला आहे, त्यामुळे आठवा गोटा मिळायचा नव्हता. मग सागाची पानं, मग शेंगा. आणि शेवटी तांब्याच्या तबकात शंभरेक फटाकी शेंगा ठेवून, पळीनं त्यांवर पाणी सोडून हात मांडीवर घ्यायचे. शेंगा फुटायच्या तेव्हा फुटतील. तोवरचा जो गप्पपणा, त्याच्यासाठी बाकीची अठरा मिनिटं होती.

पाडव्याच्या सकाळी सात वाजता दोघं रिक्षानं मंडळाच्या सभागृहात पोचली. गुडघे कुरकुरत होते. आदल्या दिवशी बाई कुठल्याशा सर्वेक्षणासाठी बेचाळीस घरांचे जिने चढल्या होत्या. मंचावर त्यांनी मांडणी केली. गोटा नुसत्या फरशीवर ठेवला तर दगडासारखा वाजतो. गवताच्या चुंबळीवर, पोकळ लाकडावर ठेवला तर त्याला गळा फुटतो. म्हणून आईचा शिसवी चौरंग आणला होता. त्यावर पांढरं वस्त्र, वस्त्रावर सात चुंबळी, चुंबळींवर सात गोटे. भोवती पानं, शेंगा. पुढ्यात फटाकी शेंगांचं तांब्याचं तबक. बाजूला पाण्याचा तांब्या आणि पळी.

श्रीपादरावांनी मान तिरकी करून पाहिलं. “सत्यनारायण मांडलास का गं?”

“गप्प बसा.”

“नाही, केळीचे खांब तेवढे राहिलेत.”

बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी नीट पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

माईक दोन होते, लहान, नाजूक. बाईंनी हट्टानं मागवलेले. ते मोनूनं चौरंगाच्या अगदी जवळ लावले. मोनू हा साउंडवाला, पन्नाशीचा, केस मेंदीनं लाल केलेले, लग्नाच्या वरातींत उभी हयात गेलेली. त्याचं यंत्र सभागृहाच्या पार मागच्या टोकाला होतं. बाई मधल्या वाटेनं हळूहळू तिथवर गेल्या.

“मोनू भिया, तो घुमारा काढा आधी. एको.”

“अरे मैडम, थोड़ा तो रेने दो. नी तो एकदम सूखा लगेगा.”

“सूखा ही चाहिए.”

“लोग बोलेंगे मोनू का सेटिंग खराब है.”

“लोग कुछ नहीं बोलेंगे. सुनेंगे तब ना बोलेंगे!”

मोनू हसला, एक खटका खाली केला आणि स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर चढवला. “लो, खुद सुन लो. आपने बोला था तो रिकॉर्डिंग भी चालू कर दी है. हॉल के स्पीकर अभी बंद हैं.”

सभागृहात चिटपाखरू नव्हतं. मंडळी बाहेर अंगणात होती. गुढी उभारून झाली होती आणि कडुनिंब-गुळाचा प्रसाद वाटला जात होता. हेडफोनमध्ये आधी नुसती हवा ऐकू आली. मग पंख्याची लय. आणि मग, अगदी कानाशी, कुणाचा तरी गुडघा करकरला. आपलाच असं वाटून बाईंनी खाली पाहिलं. त्या तर उभ्या होत्या.

वर पाहिलं तर मंचावर यशवंतराव होते.

यशवंतराव मंडळाचे सर्वांत वडील विश्वस्त, वय चौऱ्याऐंशी. संस्थान होतं तेव्हा देवस्थानांची देखरेख त्यांच्या घराण्याकडे असे. संस्थान गेलं, देखरेखीची सवय राहिली. गुढीची पूजा आटोपून, सोवळ्यातच, ते आत आले होते. समोर चौरंग. त्यावर शुभ्र वस्त्र. वस्त्रावर नर्मदेचे सात गोटे, क्रमानं मांडलेले, चुंबळींवर बसवलेले. भोवती पत्री. पुढे तबक, तांब्या, पळी. आणि पूजा झालेली नाही. नर्मदेचा गोटा म्हणजे बाण, म्हणजे साक्षात शंकर. सणासुदीच्या दिवशी देव असे कोरडे ठेवून लोक बाहेर गूळ खात उभे, हे पाहून त्यांच्यासारख्या माणसानं काय करावं? ते चौरंगापुढे बसले. त्यांनी पळी उचलली.

“काका, थांबा!” हे शब्द बाईंच्या घशापर्यंत आले. चाळीस पावलांचं अंतर होतं. ओरडल्या असत्या तर ऐकू गेलं असतं.

पण पहिली पळी धाकट्या गोट्यावर पडली होती.

बावीस वर्षं बाईंनी ते गोटे काठीनं वाजवले होते. त्यांवर पाणी सोडून पाहावं हे कधी सुचलं नव्हतं. धार गोट्यावर पडली, फुटली, चुंबळीच्या गवतातून झिरपली आणि फळ्यांच्या फटींतून चौरंगाच्या पोकळीत थेंबथेंब गळू लागली. आणि ते लाकूड खोल विहिरीसारखं घुमलं. दुसऱ्या गोट्यावर तीच धार वेगळी बोलली. तिसऱ्यावर जाड झाली. मधून यशवंतरावांचं “नमः शिवाय”, थकलेल्या छातीतून आलेलं, शब्दांपेक्षा श्वासच जास्त. पाणी वस्त्रावरून पसरत सागाच्या पानांवर गेलं, आणि पान भिजताना असा आवाज करतं, हेही बाईंना ठाऊक नव्हतं.

मोनूचा हात खटक्याकडे गेला. “मैडम, वो बाबूजी तो आपका सामान—”

बाईंनी त्याचं मनगट धरलं. धरूनच ठेवलं.

सातवा गोटा झाल्यावर यशवंतरावांनी तांब्या उचलून उरलेलं पाणी सगळ्यांवर एकदम सोडलं. ते ओघळून तबकात शिरलं. बाईंनी डोळे मिटले आणि मोजायला लागल्या. एक. दोन. हेडफोनमध्ये चौरंगाखालचे थेंब होते. पाच. सहा. म्हाताऱ्याचा श्वास. आठ. बाहेर कुणीतरी दूर हसलं. नऊ.

तड्.

मग एक थांबणं. मग तड्, तड्, आणि मग सगळ्या शेंगा एकापाठोपाठ, कुणी कुणाची वाट न पाहता, बिया तबकाच्या काठाला लागत, गोट्यांना लागत, फरशीवर घरंगळत. यशवंतराव दचकून मागे सरले. “अरे! अरे!” आणि मग, अगदी हळू, लहान मुलासारखं, “महादेवा...”

आवाज संपला. थेंब चालू होते. बाईंनी हेडफोन काढून मोनूच्या हातात दिला.

पाच मिनिटांत मंचावर गर्दी झाली. यशवंतराव घडलेलं सगळ्यांना सांगत होते. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी फूल ठेवलं, एका बाईनं प्रसादाचा गूळ तिसऱ्या गोट्यापुढे ठेवून नमस्कार केला. काय झालं ते अपेक्षाला कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली.

“काकू, सॉरी, सॉरी! मी फक्त दो मिनट बाहेर गेले होते. आता काय करायचं? तुम्हाला लास्टला ठेवू? पुसून घेऊ सगळं?”

“पानं पुसून वाळत नाहीत, बाळ.”

“मग दगड तरी? दगडांना काय झालंय?”

यशवंतराव ऐकत होते. “दगड म्हणू नकोस, मुली,” ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. आपल्या हातून काय झालं ते तोवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. “प्रमोदिनीबाई, मला कुणी बोललं नाही. मी समजलो की... तुमची मांडणी इतकी रेखीव होती.”

“असू द्या, काका.”

“पण आता त्यांवर काठी कशी मारणार? अभिषेक झाला आहे.”

“उत्तरपूजा करून हलवले तर?” बाईंनी विचारलं. घरच्या संस्कारांत एवढं शास्त्र त्यांना येत होतं.

यशवंतरावांनी खरोखर विचार केला. मनापासून वाट शोधली. मग मान हलवली. “मूर्तीला विसर्जन असतं. बाणाला नसतं. तो आवाहन न करताही देवच असतो. तुम्ही इतकी वर्षं वाजवलंत ते अजाणता. आता चारचौघांदेखत...” ते थांबले. “तुम्ही म्हणाल तसं. मी आड येणार नाही.”

बाईंनी गोट्यांकडे पाहिलं. कुंकवाचं पाणी चुंबळींतून ओघळत होतं. वाद घालता आला असता. श्रीपादराव बाजूला येऊन उभे राहिले होते. बाई म्हणाल्या असत्या तर तेही भांडले असते. पण भांडून मिळवलेल्या शांततेत कुणी काय ऐकणार?

“राहू द्या इथेच,” त्या म्हणाल्या. “मंडळाच्या देवळात ठेवा. नवव्या मजल्यावर तसंही त्यांचं कठीणच होतं.”

त्यांची पाळी आली तेव्हा साडेदहा वाजले होते. पिशवीच्या तळाशी बाहव्याची एक शेंग, शिरीषाचा एक झुबका आणि कडू भोपळा कोरडे उरले होते. अपेक्षानं मोबाइलवर बघून घोषणा केली. बाई बसल्या आणि उरलेल्यातून जमेल तेवढं वाजवलं. वाईट वाजवलं नाही. पण कानांत अजून ते चौरंगाखालचे थेंब होते आणि हातातली शेंग त्यांच्यापुढे नुसतीच शेंग वाटत होती. दुसऱ्या रांगेत कुणीतरी श्रीखंड आलं का याची चौकशी केली. यशवंतराव पहिल्या रांगेत ताठ, जागे, अपराध्यासारखे बसून एकेक आवाज ऐकत होते. तेवढं एक बरं वाटलं. सहा मिनिटांनी बाईंनी नमस्कार केला. उरलेली चौदा मिनिटं त्यांना नको होती. टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. एवढ्या लवकर संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पर्स खुंटीला अडकवली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. श्रीपादरावांनी चहा केला, निवला, पुन्हा गरम केला.

“ओरडली का नाहीस?” शेवटी त्यांनी विचारलं. “मोनू सांगत होता. तू त्याचा हात धरलास म्हणे.”

“ऐकत होते.”

श्रीपादरावांनी कप त्यांच्यापुढे सरकवला.

दुपारी मोनूचा संदेश आला. सोबत ध्वनिफीत होती. ‘मैडम, पूजा वाला पार्ट भी रिकॉर्ड हो गया शुरू में. काट के सिर्फ आपका रखूँ?’

बाईंनी फोन उशीला टेकवला आणि दोघांनी ते ऐकलं. गुडघ्याची करकर होती. पंखा होता. पळी, धार, थेंब, म्हाताऱ्याचा श्वास. बाहेरचं हसणं. मग ते नऊ सेकंद. श्रीपादरावांना काही सांगावं लागलं नाही. ते फोनकडे बघत, कप हातात तसाच धरून, श्वास रोखून बसले होते. आणि पहिली शेंग फुटली तेव्हा बशीत चहा सांडला.

“हे तुझं?” त्यांनी विचारलं.

“रचना माझी होती,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी फोन हातात घेऊन, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘पूजा वाला रखो. मेरा वाला काट दो.’

मोनूचं उत्तर लगेच आलं. ‘पक्का? फिर ऊपर नाम किसका लिखूँ?’

 बाईंनी लिहिलं, ‘नाम मत लिखो भिया. तारीख लिख दो.’

फोन त्यांनी श्रीपादरावांकडे दिला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मंडळातून परत आणलेली पिशवी दाराशी पडली होती. आतली पानं ओली होती; वाळली तरी आता ती वाजणार नव्हती. तरीही त्यांनी ती खिडकीच्या गजाला टांगली, आणि हवा लागावी म्हणून तिचं तोंड उघडंच ठेवलं.